वीतभर आवाका

१

जुन्या गाडीत अलार्म बसवायला मला साडेतीन तास लागतात. नव्या गाड्यांना तो कंपनीतूनच येतो, त्यामुळे माझ्या शेडमध्ये येतात त्या सगळ्या म्हाताऱ्या. त्यांच्या डॅशबोर्डखाली उताणं पडून, तोंडात टॉर्च धरून मी अठ्ठावीस वर्षं काढली आहेत. या धंद्यात मी एक गोष्ट शिकलो ती अशी की वायर खोटं बोलत नाही. कुठे ना कुठे ती तुटलेली असते, सोललेली असते किंवा कुणीतरी शहाण्याने चुकीच्या जागी जोडलेली असते. शोधली की सापडते.

ही निळी गाडी मी खारूसाठी घेतली. खारू म्हणजे माझी मुलगी. लहानपणी घरभर तुरुतुरु पळायची, म्हणून खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. तिला रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे सातला कामाला हात घालावा लागतो, म्हणजे घरातून सहाला निघायचं, आणि त्या वेळी तिकडे जाणारी बस नाही. एका निवृत्त ग्रंथपालाने आपली एकोणीस वर्षांची गाडी विकायला काढली होती. इंजिन ठणठणीत होतं, सीटांवर साधा डागही नव्हता.

अलार्मचं ऐकल्यावर बायको हसली. या डब्याला कोण चोरणार, म्हणाली, उलट चोरच दया येऊन दोन टायर ठेवून जाईल. पण मला गाडी चोरीला जायची काळजी नव्हती. एकटी पोरगी रिकाम्या पार्किंगमधून गाडीकडे येते, तेव्हा आत आधीच कुणी शिरून बसलेलं नाही ना, एवढं तिला दुरून कळावं, ही माझी काळजी होती. त्यासाठी मी दुकानातला सगळ्यात चांगला संच आणला.

या संचात आतली हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूच्या खांबांवर त्याचे दोन बारके डोळे बसवायचे. त्यांची वायर डॅशबोर्डखालच्या एका डबीत जाते. डबीवर हिरवा ठिपका असतो, आवाक्यात काही हललं की तो पेटतो. शेजारी एक स्क्रू असतो, त्याने आवाका कमीजास्त करता येतो. पूर्ण उघडा ठेवला तर सेन्सर मागच्या काचेपर्यंत बघतो, पूर्ण आवळला तर खांबापासून वीतभर.

काम झाल्यावर मी गाडीत स्वतःला कोंडून घेतो, ही माझी पद्धत. काचा वर, दारं बंद, रिमोट दाबायचा आणि एक मिनिट पुतळ्यासारखं बसायचं. मग करंगळी उचलायची. करंगळीला भोंगा वाजला की काम पास. त्या दिवशी दुपारी मी तसाच बसलो. घड्याळाचा काटा अर्ध्यावर आला असेल, आणि भोंगा वाजला. करंगळी मी उचललीच नव्हती.

२

शेजारच्या शेडमध्ये पंक्चर काढणारा बसतो. त्याला सगळे फुगा म्हणतात. तो दारात येऊन म्हणाला, मिस्त्री, वय झालं तुमचं, आता बसल्या जागी थरथरता. मी त्याला हाकललं आणि परत बसलो. यावेळी मिनिटभर काही झालं नाही, करंगळी उचलली तेव्हाच वाजलं. म्हणजे आधी मीच हललो असणार. श्वास जोरात घेतला असेल. मी गाडी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी आमच्या खिडकीखाली उभी होती. जेवणं उरकून आम्ही तिघं लवंडलो होतो, तेवढ्यात भोंगा सुरू झाला. खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, काचा बंद. अलार्म का वाजला ते डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिचकावून सांगतो. दोनदा म्हणजे दार उघडलं, तीनदा म्हणजे बाहेरून धक्का लागला, चारदा म्हणजे आत काहीतरी हललं. दिवा चारदा मिचकावला, थांबला, पुन्हा चारदा.

आत हललं, पण दार उघडलं नव्हतं. मी माशी शोधली. माशीने हे सेन्सर हमखास वाजतात. माशी नव्हती. आरशाला खारूने एक कापडी ससा टांगला होता तो काढला. उन्हाने आतली हवा तापली की कधीकधी असं होतं, म्हणून गाडी सावलीत लावली. आणि आमच्या धंद्यात प्रत्येक जण जे करतो ते केलं, स्क्रू थोडा आवळला. आता सेन्सरला मागची काच आणि मागच्या सीटची पाठ दिसणार नव्हती. पुढचं सगळं दिसणार होतं.

खारू खिडकीतून बघत होती. "सापडलं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सेन्सर जरा जास्तच हुशार आहे, त्याला थोडा मंद केलाय.

३

दोन दिवस शांततेत गेले. तिसऱ्या दिवशी लॅबच्या पार्किंगमध्ये अलार्म वाजला, सकाळी साडेदहाला, भर उजेडात. खारूने फोनवर मिचकावण्याची संख्या सांगितली. चार. संध्याकाळी मी स्क्रू आणखी आवळला. आता आवाका पुढच्या सीटांच्या पाठीपर्यंत, मागचं सगळं बाद. पुन्हा दोन दिवस शांतता, आणि तिसऱ्या दिवशी चार.

सेन्सरच नासका निघाला म्हणावं, तर तो मी बदलला. दुकानदाराने कुरकुर न करता नवा दिला. नवाही दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी बोंबलला. डबीची जागा बदलली, अर्थिंगची वायर वेगळ्या ठिकाणी घट्ट केली, बॅटरी तपासली. बिघाड असा वागत नाही. बिघाडाला दिवस मोजता येत नाहीत. तो कधीही उपटतो, आणि स्क्रू आवळला म्हणून काही तो दोन दिवस विचार करत बसत नाही.

एका दुपारी शेडमध्ये काम नव्हतं. मी गाडीत पायाखाली टाकायचं रबर बाहेर काढलं आणि त्याच्या पाठीवर खडूने गाडी काढली, वरून दिसते तशी. कुठल्या दिवशी आवाका कुठपर्यंत होता त्या रेघा मारल्या. पहिली रेघ मागच्या काचेला. दुसरी मागच्या सीटच्या पुढच्या कडेला. तिसरी पुढच्या सीटच्या पाठीला. प्रत्येक रेघ मी पुढे ओढली होती आणि प्रत्येक वेळी तिसऱ्या दिवशी तिच्या आत काहीतरी हललं होतं. जे मागच्या सीटवर होतं त्याला मी सेन्सरच्या नजरेआड केलं, आणि ते परत नजरेत आलं.

फुगा टायरला चिकटवलेली पट्टी ठोकत होता. त्याने रबराकडे पाहिलं आणि विचारलं हे काय. मी म्हटलं काही नाही, आणि पायाने खडू पुसला. अठ्ठावीस वर्षांत मला माझ्या कामाची लाज वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली. चांगला सुशिक्षित मिस्त्री, आणि डोक्यात हे असलं.

४

तरी मी ग्रंथपालांना फोन लावलाच. गाडीच्या कागदांचं एक निमित्त काढलं. माणूस सज्जन, हळू बोलणारा. कागदांचं झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं की पूर्वी कधी अलार्म वगैरे बसवला होता का, वायरी कुठून गेल्यात ते कळलं असतं.

"नाही हो," ते म्हणाले. "मी तर गाडीला कुलूपसुद्धा लावत नव्हतो. दारं उघडीच असायची."

मी म्हटलं, चोरी झाली असती तर?

फोनमध्ये मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. मग त्यांनी विचारलं की गाडी कोण चालवतं. मी मुलीचं सांगितलं.

"एकट्याच असतात का त्या?"

मी हो म्हटलं. त्यांनी बरं म्हटलं, तब्येतीला जपा म्हटलं, आणि फोन ठेवला. नंतर मी दोनदा लावला, उचलला नाही. म्हाताऱ्या माणसांची तऱ्हा, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत काही पटली नाही.

५

खारूच्या मात्र नाकी नऊ आले होते. लॅबमध्ये ती नवीन, अजून पक्की झालेली नव्हती, आणि तिची गाडी दर तिसऱ्या दिवशी बोंबलत होती. पहारेकरी तिला बघितलं की कानांवर हात ठेवायचा. तिच्या साहेबांनी एकदा नमुना हातात असताना तिला खाली पिटाळलं होतं. ती रडणारी मुलगी नाही, पण त्या दिवशी घरी आली, बूट काढले आणि दारातच बसून राहिली.

"बाबा, एक तर याला नीट करा, नाहीतर काढून टाका. आणि तुम्हाला काय वाटतं ते मला सरळ सांगा. आत खरंच काही आहे का?"

हे तिने हसत विचारलं. पण उत्तराची वाट ती हसत बघत नव्हती. मला रबरावरच्या रेघा आठवल्या, फोनमधला नळ आठवला. बायको स्वयंपाकघरातून कान देऊन होती. एकवीस वर्षांच्या पोरीला, जिला उद्या सहाला त्याच गाडीत एकटीने बसायचंय, मी काय सांगायला हवं होतं? मी म्हटलं, काही नाही गं, वायर ढिली असणार, आत्ता करतो.

खाली जाऊन मी स्क्रू शेवटपर्यंत आवळला. खांबापासून वीतभर. चालकाच्या सीटवर बसलेल्या माणसाची हालचालसुद्धा तेवढ्यात येत नाही, त्यासाठी खांबाजवळ तोंड न्यावं लागतं. गाडीबाहेर उभं राहून मी रिमोट दाबला. भोंगा लगेच वाजला. दोन दिवससुद्धा थांबला नाही.

मग मी ते केलं जे गिऱ्हाईक फार डोकं खायला लागलं की आमच्यातला कुणीही करतो आणि कबूल कुणीच करत नाही. डॅशबोर्डखाली हात घालून सेन्सरचा प्लग काढला, त्याला टेप गुंडाळली आणि वर खोचून दिला. दारं उघडली तर अलार्म वाजेल, काच फोडली तर वाजेल. आतल्याचं मात्र तो काही बोलणार नाही. वर येऊन मी सांगितलं, सापडली, ढिलीच होती.

"नक्की?" खारूने विचारलं.

"नक्की."

तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि आत जाऊन भरपूर जेवली. मला बरं वाटलं, आणि त्याच क्षणी आतून काहीतरी कुरतडायला लागलं.

६

आठ दिवस अलार्म वाजला नाही. घरात सगळे खूश. मी सोडून. शेडमध्ये कुठलाही भोंगा वाजला की मी कान टवकारायचो, आणि वाजला नाही की जास्त अस्वस्थ व्हायचो. हातातलं काम चुकायला लागलं. एका गिऱ्हाइकाचा डावा दिवा लावला की उजवा लागायचा. फुगा म्हणाला, मिस्त्री, घरी जा आणि झोपा. झोपून भागणारं दुखणं ते नव्हतं.

रोज सकाळी मी खिडकीतून तिला निघताना बघायचो. पहिल्या दिवसांत ती बसायची, आरसा नीट करायची, वर बघून हात करायची. आता ती बसल्यावर आरसा वर, छताकडे फिरवायची. मग सीटवर दाराच्या बाजूला सरकून, अंग चोरून बसायची, भरलेल्या बसमध्ये शेजाऱ्याला जागा करून देताना बसतो तशी. गाडी निघेपर्यंत समोर बघायची. हात करायला विसरायची.

बायकोलाही काहीतरी जाणवलं होतं. म्हणाली, हल्ली खारू बोलता बोलता मध्येच थांबते, कुणीतरी मध्ये तोंड घातल्यासारखी. मग म्हणाली, नवीन नोकरी आहे, ताण असेल. मी मान डोलावली. नवव्या दिवशी दुपारी मी अवजारांची पिशवी उचलली, शेड बंद केली आणि बस धरून लॅबवर गेलो. काय वाट्टेल ते होवो, प्लग परत जोडायचा असं ठरवलं होतं.

७

खारू सुटीच्या वेळी खाली आली तेव्हा मी गाडीजवळ उभा होतो. पांढरा अ‍ॅप्रन अंगात तसाच होता, केस मोकळे सोडलेले. पार्किंगमध्ये लख्ख ऊन होतं. आजूबाजूला माणसं गाड्या काढत होती, एकमेकांना उद्या भेटू म्हणत होती. मला बघून ती चकित झाली नाही.

मी तिला सगळं सांगितलं. प्लग काढला होता, वायर ढिली नव्हती, मी खोटं बोललो. ती चिडेल असं वाटलं होतं, पण ती फक्त किल्ली बोटांत फिरवत राहिली.

"आधी वाजायचं ना, तेव्हा मी लगेच आत न बसता बाहेर उभी राहायचे," ती म्हणाली. "मला वाटायचंच काहीतरी. मग तुम्ही नक्की म्हणालात. म्हणून मग वाटलं तरी मी बसून राहिले. तुम्ही म्हणालात म्हणून मी एकदाही वळून बघितलं नाही."

मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, आता जे दिसेल ते सांगायचं, कितीही वाईट असलं तरी. मी शब्द दिला.

डॅशबोर्डखाली आडवा होऊन मी टेप सोडवली आणि प्लग जोडला. स्क्रू आवळलेलाच होता. आधी मी स्वतः चालकाच्या सीटवर बसलो, काचा वर करून, श्वास धरून. खारू बाहेर माझ्या दाराशी उभी. मिनिट गेलं, दोन गेली. डबीवरचा हिरवा ठिपका मेलेला. मला आशा वाटली. मग मी उतरलो, तिला बसवलं, दार लावून घेतलं आणि पलीकडच्या दाराच्या काचेतून डबीकडे पाहत राहिलो.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. ती मुळीच हलत नव्हती. ठिपका पेटला. पेटला आणि पेटलेलाच राहिला. खांब आणि तिचा चेहरा यांच्यामध्ये जेमतेम दोन वीत जागा होती, आणि त्यातल्या एका वितीत काहीतरी हलत होतं. मला ऊन तेवढं दिसत होतं.

मी धावत फिरून आलो, दार उघडलं आणि तिला बाहेर ओढलं. तिने विचारलं, पेटला? मी म्हटलं, हो, पेटला. ती माझ्या दंडाला धरून उभी राहिली आणि मी पुन्हा आत वाकलो. ठिपका विझला होता. मागे सरकलं असेल म्हणून मी स्क्रू सैल केला, थोडा, मग अर्धा, मग पार शेवटपर्यंत, मागच्या काचेपर्यंत. दार लावून बाहेरून बघितलं. पाच मिनिटं बघितलं. ठिपका पेटला नाही. गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा ती खरोखर रिकामी होती.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. खारूला मी ते जसंच्या तसं सांगितलं, की आत काहीतरी होतं, आता नाही, आणि तरीसुद्धा या गाडीत आपण पुन्हा बसायचं नाही. तिने मोठा श्वास सोडला. किल्ली तिने पुढच्या सीटवर टाकली आणि दार उघडंच ठेवलं. एक हुंदका आला तो तिने गिळला. मग म्हणाली, चला, आईला सांगू की तिचा डबा एकदाचा गेला.

आम्ही बसच्या थांब्याकडे निघालो. फूटपाथ अरुंद होता, त्यामुळे ती पुढे आणि मी दोन पावलं मागे. माझ्या एका हातात अवजारांची पिशवी, दुसऱ्यात तिचा जेवणाचा डबा. तिने हात अ‍ॅप्रनच्या खिशात घातले होते. कितीतरी दिवसांनी ती सरळ, पाठ ताठ करून चालत होती आणि मला काहीबाही सांगत होती, साहेबांच्या सवयी, मैत्रिणीची बदली. वारा अजिबात नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

तिच्या केसांची एक बट गालावर आली होती. ती बट उचलली गेली. हळूच, मायेने, तिच्या कानामागे गेली आणि तिथे नीट बसवली गेली.

खारूने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालता नुसतं मान तिरकी करून म्हणाली, "बाबा, राहू द्या ना. मी काय लहान आहे आता?"

मी माझ्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग म्हटलं, "बरं. नाही करत."